सवलतीचा पैसा कुणाच्या पदरात : मोठा प्रकल्प की लहान कारखाना?

हिशेबनीस

सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला जाणार असे जाहीर झाले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता हे सर्वांना आठवत असेल. पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतले. 'आपला प्रकल्प कुणी पळवला' या वादात, असे प्रकल्प आणण्यासाठी सरकार किती पैसा ओतते आणि तोच पैसा दुसरीकडे लावला तर काय होईल, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

गुजरातमधल्याच साणंदला येणाऱ्या, मायक्रॉन या कंपनीच्या चिप प्रकल्पाचे आकडे जाहीर आहेत. प्रकल्पाचा एकूण खर्च पावणेतीन अब्ज डॉलर. त्यातला निम्मा वाटा केंद्राचा, २० टक्के गुजरात सरकारचा आणि उरलेला कंपनीचा. थेट नोकऱ्या ५,००० पर्यंत. त्या वेळच्या विनिमय दराने हिशेब केला, तर एका थेट नोकरीमागे सरकारी पैसा तीन कोटी रुपयांच्या वर जातो. त्याच्या शेजारी आपल्याकडची मुख्यमंत्री रोजगार निर्मिती योजना ठेवून पाहा. योजना सुरू झाली तेव्हाच्या नियमांनुसार उत्पादन करणाऱ्या उद्योगाचा ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प आणि त्यावर जास्तीत जास्त ३५ टक्के अनुदान, म्हणजे साडेसतरा लाख रुपये, आणि तेही बँकेने कर्ज मंजूर केले तर.

मी पिंपरी-चिंचवड भागातील लहान कारखान्यांचे हिशेब पाहतो, तेव्हा माझा कल कुठे असणार हे वेगळे सांगायला नको. तरीही 'मोठ्यांचे काढून लहानांना द्या' एवढे सोपे उत्तर मला मान्य नाही, कारण लहान कारखान्याचे भांडवल नेमके कुठे अडकलेले असते हे मला रोज दिसते.

समजा, भोसरीतला एक कारखाना दरमहा १० लाख रुपयांचे सुटे भाग मशीनिंग करून एका मोठ्या कंपनीला पुरवतो. खरेदी आदेशावर मुदत ४५ दिवसांची असते. पण दिवस मोजायचे कुठून? माल गेटवर उतरला तेव्हापासून नव्हे, तर जीआरएन, म्हणजे माल स्वीकारल्याची पावती, निघाल्यापासून. जीआरएन निघणार गुणवत्ता विभागाने तपासणी केल्यावर. आणि त्यानंतरही पैसे सुटणार ते महिन्यातल्या ठरलेल्या एका तारखेला. मध्येच रिजेक्शनची, म्हणजे नाकारलेल्या मालाचे पैसे कापणारी, डेबिट नोट आली, तर ती मिटेपर्यंत आख्खे बिल अडकते. अशा रीतीने ४५ चे १२० दिवस होतात आणि कारखानदाराचे ४० लाख रुपये कायमचे बाहेर राहतात. ते त्याने ११ टक्क्यांच्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीच्या बँक कर्जावर, उभे केलेले असतील, तर वर्षाला चार लाख चाळीस हजार रुपये नुसते व्याजात जातात. शिवाय ९० दिवसांपेक्षा जुनी येणी बँक ड्रॉइंग पॉवरमध्ये (किती उचल घेता येईल त्या हिशेबात) धरत नाही, म्हणजे उशीर जेवढा जास्त, तेवढी कर्जाची मर्यादाही आतून आकसत जाते. आणि ज्या बिलाचा एक रुपयाही हाती आलेला नाही, त्यावरचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरावाच लागतो. समोरची कंपनी मात्र त्याच कराचे क्रेडिट, पैसे चुकते करण्याआधीच, घेऊन मोकळी झालेली असते.

हेच पैसे ४५ दिवसांत मिळाले, तर अडकलेली रक्कम १५ लाखांवर येईल आणि २५ लाख मोकळे होतील. एवढ्यात एक बऱ्यापैकी संगणकनियंत्रित (सीएनसी) लेथ येतो. त्यासाठी ना अनुदान लागेल, ना नवी योजना. म्हणून 'गुंतवणूक लहानांकडे वळवावी का' असे विचारण्यापूर्वी, आज लहान कारखानदारच मोठ्या कंपनीला बिनव्याजी भांडवल पुरवत आहे, हे मान्य करायला हवे असे मला वाटते. जाणकारांनी मते मांडावीत.

सातपूरकर

उशिरा मिळणाऱ्या पैशांबद्दल हिशेबनीस यांनी जे लिहिले आहे त्याविषयी दुमत नाही. पण मायक्रॉनचा हिशेब नोकऱ्यांच्या भागाकाराने मांडणे मला पटत नाही. तो पैसा रोजगारासाठी ओतलेला नसून, चिपसाठी पूर्णपणे परदेशावर विसंबून राहावे लागू नये म्हणून ओतलेला आहे. हा हेतू योग्य की अयोग्य यावर वाद घालता येईल, मात्र मोजमाप त्या हेतूचेच असावे.

दुसरे असे की, लहान कारखाने आकाशातून पडत नाहीत. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, आणि त्याला सुटे भाग पुरवणारे शेकडो कारखाने पुढच्या काळात वाळूज आणि चिकलठाण्यात उभे राहिले. त्या कंपनीने केवळ मागणी आणली असे नाही; मोजमापाची शिस्त आणली, टूलिंग आणले, आणि ड्रॉइंग वाचता येणाऱ्या कामगारांची एक पिढी तयार केली. नाशिकला मायको (आताची बॉश) आणि महिंद्रमुळे सातपूर-अंबडचे असेच झाले. राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालू आहे ती उद्योग मुंबई-पुण्याबाहेर जावेत म्हणून, आणि त्यासाठी अशा एखाद्या मोठ्या कारखान्याची गरज असते. नुसते भूखंड पाडून लहान उद्योजकांना वाटले की काय होते, हे पाहायचे असेल तर आडबाजूच्या तालुक्यांतल्या औद्योगिक वसाहतींमध्ये एक फेरी मारावी. रस्ते आहेत, दिवे आहेत, भूखंडांवर नावांच्या पाट्या आहेत आणि आत बाभळी वाढल्या आहेत.

आणखी एक आकडा. २०१८-१९ च्या केंद्रीय आर्थिक पाहणी अहवालाने दहा वर्षांहून जुने आणि तरीही शंभराहून कमी कामगार असलेले कारखाने वेगळे काढून त्यांना 'बुटके' म्हटले. संघटित उत्पादन क्षेत्रात संख्येने ते निम्म्याहून अधिक भरतात, पण रोजगारात त्यांचा वाटा सुमारे १४ टक्के आणि उत्पादकतेत जेमतेम ८ टक्के आहे. लहान असण्यालाच बक्षीस दिले, तर मोठे होण्याची इच्छा कुणाला राहणार?

कृष्णाकाठ

सातपूरकर यांच्या शेवटच्या वाक्याला मी इचलकरंजीतून दुजोरा देतो. आमच्या घरी दोन पिढ्या यंत्रमाग आहेत. कापड धोरणाने दीर्घ काळ गिरण्यांना माग वाढवू दिले नाहीत, करातही आमच्यासारख्या विकेंद्रित यंत्रमाग क्षेत्राला झुकते माप दिले. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या खचल्या आणि कापड भिवंडी-इचलकरंजी-मालेगावकडे आले. यात आमची भरभराट झाली हे नाकारण्यात अर्थ नाही. पण भरभराटीचे रूप काय होते, तेही सांगितले पाहिजे. मागांची संख्या वाढली की नवा माग त्याच शेडमध्ये, पण भावाच्या, वहिनीच्या, मेहुण्याच्या नावावर टाकायचा. वीज मीटर वेगळा, खाते वेगळे, पाटी वेगळी. कागदोपत्री प्रत्येक घटक लहान, म्हणून सवलत चालू. कामगार मीटरवर मजुरी घेणार, भविष्य निर्वाह निधीचे नाव काढायचे नाही. साधे माग तसेच खडखडत राहिले आणि धोट्याविना चालणारे वेगवान शटललेस माग आपल्याकडे फार उशिरा आले.

तयार कपड्यांचे तर याहून वाईट झाले. ते लघुउद्योगांसाठी राखीव होते. शिवलेल्या कपड्यांचे आरक्षण २००० मध्ये उठले आणि होजियरीचे त्यानंतर पाच वर्षांनी. तोपर्यंत एकेका छताखाली हजारो शिलाई यंत्रे चालवणाऱ्या बांगलादेश आणि चीनच्या कारखान्यांनी परदेशी दुकानदारांच्या मोठ्या ऑर्डरी बांधून घेतल्या होत्या. राखीव वस्तूंची यादी १९६७ मध्ये ४७ वस्तूंपासून सुरू झाली, आठशेच्या वर गेली आणि शेवटच्या २० वस्तू २०१५ मध्ये मोकळ्या झाल्या. म्हणजे जवळजवळ अर्धे शतक आपण हा प्रयोग करून पाहिलेला आहे.

खातेवही

बँकेच्या नोकरीत माझी बरीच वर्षे लघुउद्योगांची कर्जप्रकरणे पाहण्यात गेली, म्हणून दुसऱ्या बाजूचे थोडे लिहितो.

पैसा लहानांकडे वळवण्याची यंत्रणा कागदावर कमी नाही. बँकांना ४० टक्के कर्ज शेती, लहान उद्योग अशा अग्रक्रम क्षेत्राला देण्याचे बंधन आहे आणि त्यात सूक्ष्म उद्योगांसाठी साडेसात टक्के वेगळे आहेत. कर्ज बुडाले तर बँकेला भरपाईची हमी देणारा पतहमी निधी २००० पासून आहे. त्याची मर्यादा २०२३ मध्ये ५ कोटी आणि २०२५ मध्ये १० कोटींपर्यंत नेली. ठरावीक रकमेपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचे नाही असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. तरीही शाखेत गेलेल्या कारखानदाराला 'घराची कागदपत्रे आणा' हेच वाक्य ऐकू येते, याचे कारण शाखाधिकाऱ्याची दुष्ट बुद्धी नव्हे. हमी असली, तरी खाते थकले की चौकशीला उत्तर त्यालाच द्यावे लागते. हमीचा दावा मंजूर व्हायला वेळ लागतो. आणि एवढ्या अवधीत त्याची बदली होऊन गेलेली असते. तारण घेतलेले असले, की त्याला निवांत झोप लागते.

कारखानदारांचेही काही चुकते. आयकर वाचवण्यासाठी नफा कमी दाखवायचा आणि कर्ज मागताना तोच ताळेबंद पुढे करून 'प्रत्यक्षात धंदा याच्या दुप्पट आहे' असे सांगायचे, हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे की त्यावर हसूही येत नाही. जीएसटी आल्यापासून उलाढाल लपवणे कठीण झाले, हे कर्जाच्या दृष्टीने लहान उद्योगांच्या पथ्यावरच पडले आहे.

रानवारा

विषयाला थोडा फाटा फोडतो, क्षमस्व. सर्वसामान्य माणसाने आपली बचत स्मॉल कॅप फंडात घातली, तर ती लहान उद्योगांना मदत ठरते का?

हिशेबनीस

नाही. सेबीच्या २०१७ च्या व्याख्येनुसार बाजारमूल्याच्या क्रमवारीत २५१ व्या क्रमांकापासून पुढची प्रत्येक कंपनी स्मॉल कॅप. यातल्या कितीतरी कंपन्यांचे मूल्य हजारो कोटींत आहे, आणि माझ्या अशिलांच्या दृष्टीने त्याही 'उशिरा पैसे देणाऱ्या मोठ्या कंपन्या'च आहेत. शिवाय फंड बाजारातून जुने शेअर विकत घेतो तेव्हा पैसा विकणाऱ्याला मिळतो, कारखान्याला नव्हे. लहान कंपन्यांसाठी २०१२ पासून दोन्ही शेअर बाजारांत वेगळे मंच आहेत, पण दहा लाखांची मासिक उलाढाल असलेला भोसरीचा कारखाना तिथवर पोचत नाही.

मेधा व.

माझा सांगलीला मसाले आणि पिठांचा छोटा उद्योग आहे, त्यामुळे या चर्चेतले काही मुद्दे मला अंगावर घ्यावे लागतात.

केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, अनुदान मिळते. मी ते घेतले आणि त्यातून पल्व्हरायझर व पॅकिंग यंत्र आले. यंत्र आल्याने उत्पादन वाढले, म्हणून एका मोठ्या किरकोळ विक्री साखळीला माल देऊ लागले, आणि तिथून खरी ओढाताण सुरू झाली. शेल्फवर जागा मिळण्यासाठी आधी पैसे, न विकलेला माल मुदत संपत आली की परत, आणि उरलेल्या बिलाचे पैसे कधी मिळतील ते त्यांच्या सोयीवर. हळद मात्र सांगलीच्या बाजारात मला रोखीने किंवा फार तर आठवड्याच्या उधारीवर घ्यावी लागते. अनुदानाच्या यंत्राने वाढलेला माल शेवटी त्यांच्याच गोदामात माझ्या पैशाने पडून राहिला. त्यामुळे हिशेबनीस यांचे म्हणणे केवळ अभियांत्रिकी कारखान्यांपुरते नाही.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याने ४५ दिवसांनंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज लागू होते, हे मला पाठ आहे. थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या सुकरता परिषदेकडे अर्ज करता येतो. निकालाविरुद्ध अपील करायचे तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. कायदा कडक आहे. पण अर्ज केला की पुढची ऑर्डर येत नाही, आणि ही शिक्षा कोणत्याही कलमात लिहिलेली नाही. माझ्या ओळखीत ज्यांनी अर्ज केला, त्यांनी तो त्या ग्राहकाशी कायमचे संबंध संपल्यावर केला.

अनामिक_खरेदी

मी एका मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागात आहे, म्हणजे या धाग्यातला खलनायकच म्हणायचा. तरी आतली परिस्थिती सांगतो.

पैसे उशिरा द्या, असे आम्हाला कुणी तोंडाने सांगत नाही. वित्त विभागाचे उद्दिष्ट असते की पुरवठादारांची देणी सरासरी अमुक दिवस राहिली पाहिजेत, आणि ते दिवस वाढले तर खेळत्या भांडवलाचा ताळा सुंदर दिसतो. पोलाद पुरवणाऱ्या बड्या कंपनीला आम्ही थांबवू शकत नाही, ती आगाऊ पैसे घेते. मग सरासरी राखण्यासाठी कोण थांबणार, हे सांगण्याची गरज नाही.

आयकर कायद्यातल्या ४३-बी(एच) कलमाने २०२४ मध्ये खरा धक्का दिला. सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देऊ त्या वर्षी मिळतो. त्या मार्चमध्ये आमच्याकडे जुनी बिले ज्या वेगाने निघाली, तसा वेग मी पूर्वी पाहिला नव्हता. मात्र त्याच बैठकीत असाही प्रश्न आला की, यापुढे मध्यम उद्योगांकडूनच खरेदी केली तर? मध्यम उद्योगाला हे कलम लागू नाही. काही ठिकाणी पुरवठादारांना उद्यम नोंदणी (लहान उद्योग असल्याची सरकारी नोंद) रद्द करण्याची गळ घातली गेली, हेही खरे आहे. लहानांना संरक्षण दिले की ते महाग ठरतात, आणि महाग ठरले की टाळले जातात.

उत्तररात्र

जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतो, म्हणून थोडी भर घालतो. इथे मध्यम आकाराच्या कौटुंबिक कंपन्यांचे कौतुक फार, आणि सरकारी विकास बँक १९४८ पासून त्यांना स्वस्त कर्ज पुरवते. पण ती स्वतः कर्ज वाटत बसत नाही, कारखानदाराच्या नेहमीच्या बँकेमार्फत देते आणि जोखमीचा काही भाग उचलते. खातेवही यांनी सांगितलेली शाखाधिकाऱ्याची भीती त्यामुळे कमी होत असावी. उशिराच्या पैशांबाबत युरोपीय संघाचा २०११ चा निर्देश व्यवसायांमधील मुदत साधारणपणे ६० दिवसांवर आणतो, पण दोघांनी लेखी मान्य केले तर ती वाढवता येते. त्यामुळे बड्या वाहन कंपन्यांपुढे इथले लहान पुरवठादारही कुरकुरतच असतात.

हिशेबनीस

कृष्णाकाठ आणि सातपूरकर यांचा आक्षेप मी पूर्णपणे स्वीकारतो: आकार पाहून सवलत दिली की लोक आकार लपवतात. म्हणून लहानांसाठी आणखी एखादे राखीव कुरण मला नको आहे. लहानांना द्यायचे ते सामाईक सुविधांच्या रूपाने द्यावे. कोल्हापूरच्या फाउंड्री उद्योगाने वापरलेली वाळू पुन्हा वापरण्याजोगी करणारी सामाईक यंत्रणा उभारली, तशी कामे कोणत्याही एकट्या कारखान्याच्या आवाक्यातली नसतात आणि ती दाखवून कुणी मेहुण्याच्या नावावर सवलत लाटू शकत नाही.

माझी मुख्य मागणी मोठ्या प्रकल्पांच्या सवलतीला अट घालण्याची आहे. राज्य सरकार विशाल प्रकल्पाला राज्य जीएसटीचा परतावा वर्षानुवर्षे देते. प्रत्येक वर्षीचा हप्ता सोडण्यापूर्वी त्या कंपनीने सूक्ष्म व लघु पुरवठादारांची देणी ४५ दिवसांत चुकती केल्याचा दाखला द्यावा. दाखला नसेल तर हप्ता थांबेल. यात पुरवठादाराने तक्रार करण्याची गरजच उरत नाही, त्यामुळे मेधाताईंनी सांगितलेली न लिहिलेली शिक्षाही टळते. मोठा प्रकल्पही येईल आणि त्याच्या आसपासच्या कारखान्यांना भांडवलही मिळेल, तेही सरकारी तिजोरीतून एक रुपया जास्त न जाता.

सातपूरकर

दाखला कोण देणार? सनदी लेखापालच ना? मग एक नवा कागद आणि एक नवी फी, एवढेच होईल.

हिशेबनीस

नवा कागद लागणारच नाही. जानेवारी २०१९ च्या आदेशानुसार, ४५ दिवसांवर देणी थकवणाऱ्या प्रत्येक कंपनीला कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सहामाही विवरण भरावे लागते, आणि त्यात कोणत्या सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे किती पैसे, कोणत्या कारणाने राहिले हे लिहावे लागते. उद्योग विभागाने हप्ता मंजूर करताना ते विवरण मागवायचे, इतकेच. खोटे भरले तर ते कंपनी कायद्याखाली खोटे ठरते, केवळ योजनेखाली नव्हे. व्यवहारातला अडथळा खरेदी विभागाच्या मित्रांनाच जास्त दिसेल.

अनामिक_खरेदी

दिसतो. आमच्या कंपनीचे थेट पुरवठादार बहुतेक मध्यम किंवा मोठे आहेत, त्यामुळे आमचे विवरण जवळजवळ कोरे जाईल आणि हप्ता बिनबोभाट मिळेल. भोसरीचा जो कारखाना आपण वर्णन केला आहे, तो आमच्याकडे नव्हे, तर आमच्या थेट पुरवठादाराकडे माल देतो आणि १२० दिवस तिथे अडकतात. आम्ही त्या पुरवठादाराला ६० दिवसांनी देतो, तो खालच्याला आणखी ६० दिवस लावतो. तो मधला पुरवठादार सवलत घेत नाही, मग त्याला अट कोण घालणार?

हिशेबनीस

हा आक्षेप खरा आहे आणि माझ्या प्रस्तावातली सर्वांत मोठी फट तीच आहे. त्यावर दोन गोष्टी सुचतात. सवलत घेणारी कंपनी मधल्या पुरवठादारांना गुणवत्तेची, बालकामगार नसल्याची, पर्यावरणाची हमी आजही करारात लिहून घेतेच. खालच्यांची देणी वेळेत देण्याचे कलम त्याच करारात घालता येईल आणि सरकारने ते सवलतीच्या अटीत मागावे. दुसरे, अडीचशे कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना ट्रेड्स मंचावर, म्हणजे लहान पुरवठादारांची बिले बँकांना विकण्याच्या ऑनलाइन व्यवस्थेवर, नोंदणी आता सक्तीची आहे, पण नोंदणी करून एकही बिल न चढवणाऱ्या कंपन्या आहेत, कारण सक्ती नोंदणीची आहे, वापराची नाही. मधला पुरवठादार बहुधा या मर्यादेच्या वर असतो. त्याने खालच्याचे बिल मंचावर स्वीकारले, तर ते बिल विकून लहान कारखानदाराला त्या पुरवठादाराची पत धरून, म्हणजे स्वतःच्या कॅश क्रेडिटपेक्षा सहसा स्वस्त दराने, काही दिवसांत पैसे मिळतात. बिल स्वीकारायला किती दिवस लावायचे याची मुदत तेवढी ठरवून द्यावी लागेल, नाहीतर जीआरएनचा खेळ तिथेही सुरू होईल. २००६ च्या कायद्यात तिचाही आधार आहे: माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर पोचल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस धरला जातो.

मेधा व.

मग त्या पंधरा दिवसांची सुरुवात गेटवरच्या आवक नोंदीपासून धरावी, अशी अट त्या मंचावरच घाला. आमच्या साखळीच्या गोदामात माल उतरल्याची पोच मला सुरक्षारक्षकाच्या शिक्क्यासह त्याच दिवशी मिळते. संगणकात तो माल दहा-दहा दिवस 'मार्गस्थ' दिसत राहतो.